कादंबरी, कॅनव्हास आणि पोवाडा

ऐतिहासिक कादंबरीच्या मराठी समीक्षेने इतिहास आणि कल्पित यांच्या नात्याची चर्चा पुष्कळ केली. कादंबरी आणि चित्र यांच्या नात्याकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेले नाही. चित्र हे संहितेचे आभूषण होय, संहितेत आहे तेच ते पुन्हा दाखवते, असे या दुर्लक्षामागचे गृहीतक असावे. ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रथम एका परक्या उदाहरणाकडे वळणे सोयीचे आहे.

अठराव्या शतकात घडणाऱ्या स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या साहसकथेची सचित्र आवृत्ती न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने १९११ मध्ये काढली. तिच्यासाठी एन. सी. वायेथ या अमेरिकन चित्रकाराने सुमारे चार फूट उंचीचे कॅनव्हास तैलरंगात रंगवले. छापील पानावर ते वीतभरच उरणार होते. तरीही त्याने काम केले ते पूर्ण आकाराच्या चित्राच्या शिस्तीने. यांतील एका चित्रात जिम हॉकिन्स घर सोडून निघाला आहे. पुढे हातात गाठोडे घेतलेला मुलगा, मागे घराशी तोंड झाकून रडणारी आई. कादंबरीत आईचा हा निरोप एका वाक्यात उरकला आहे. कथनाला समुद्र गाठण्याची घाई आहे. चित्रकाराला ती नाही. संहिता जेथे थांबत नाही तेथे चित्र थांबते आणि साहसाची किंमत कोणी मोजली हे वाचकाला दिसते. चित्राला एकच क्षण मिळतो, म्हणून तो परमोच्च बिंदूचा नसावा, कल्पनेला पुढे जाण्यास वाव ठेवणारा असावा, असे लेसिंगने 'लाओकून'मध्ये (१७६६) म्हटले होते. वायेथने ते वाचले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. त्याची निवड त्याच जातीची आहे.

मराठीत असे का घडले नाही? छपाईचा खर्च हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः वाचल्या गेल्या आणि त्यांचा वाचक कोऱ्या मनाने कथेकडे येत नव्हता. जिम कोण हे स्टीव्हन्सनने सांगेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तानाजी मात्र 'गड आला पण सिंह गेला'च्या कितीतरी आधी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घरोघर पोचला होता. म्हणजे मराठी चित्रकारासमोर दोन संहिता होत्या, एक छापलेली आणि एक कानांत साठलेली. चित्र बहुतेक वेळा दुसरीशी प्रामाणिक राहिले.

याचा उत्तम पुरावा कोल्हापूरचा आहे. तैलरंगांत आणि नाटकांच्या पडद्यांवर हात बसलेल्या बाबूराव पेंटर यांनी आपट्यांच्या याच कादंबरीवर १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. शेलारमामाची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. रात्रीच्या लढाईसाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. अंधारातील आकृतींवर प्रकाश नेमका कोठून पडावा, हा प्रश्न मुळात चित्रकाराचाच. परंतु ज्यासाठी एवढा खटाटोप झाला तो प्रसंग पोवाड्याचा आहे. कमलकुमारी ही आपट्यांची स्वतःची भर. चित्राला खरे काम तेथे होते, कारण तिच्याविषयी वाचकाच्या मनात आधीची प्रतिमा नव्हती. पण सामूहिक स्मृतीत गड आणि तानाजी उरले. पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रेही स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिचित्र हे भारतीय चित्रपटाच्या उपलब्ध सचित्र जाहिरातींत सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. तेथेही विषय बघ्याला आधीच ठाऊक असलेला होता.

पुढे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या पिढीत पुस्तक चित्रमय झाले. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'ला दलालांची चित्रे लाभली. पण हे चरित्र आहे, कादंबरी नव्हे. शिवाय मुखपृष्ठाचे काम वेगळे असते. वाचनाआधीच ते अवघ्या पुस्तकाचा परिचय करून देते. म्हणून ते प्रसंगापेक्षा चेहऱ्याकडे झुकते. दलालांच्या रेषेचे सामर्थ्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की निरोपाचा, थांबण्याचा, संकोचाचा क्षण चेहऱ्याच्या या राजवटीत मागे पडला.

चाकणच्या वेढ्याचा या दृष्टीने विचार करता येईल. १६६० च्या जूनमध्ये शायिस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला, संग्रामदुर्गाला, वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा सुमारे दोन महिने लढला आणि ऑगस्टमध्ये सुरुंगाने बुरूज उडाल्यावर त्याला किल्ला सोडावा लागला. स्मृतीला प्रिय असलेले चित्र उडत्या बुरुजाचे. पण वायेथच्या रीतीने पाहणारा चित्रकार दुसऱ्या दिवशीची सकाळ निवडील: गड येथे आलेला नाही, सिंह जिवंत आहे, खानाने देऊ केलेली चाकरी नाकारून तो उरलेल्या माणसांसह वेशीबाहेर निघाला आहे. या प्रसंगाला 'गड आला पण सिंह गेला'सारखे तयार वाक्य नाही. कारखान्यांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांच्या चाकणात त्या कोटाची थोडी तटबंदी आज उभी आहे, आणि फिरंगोजीच्या पाठमोऱ्या आकृतीला पार्श्वभूमी म्हणून तेवढी पुरेशी आहे.