कापूस आणि परसत्ता

मोसम नदीच्या तीरावर नारो शंकर राजेबहादूर यांनीं बांधलेला मालेगांवचा भुईकोट १८१८ च्या जून महिन्यांत इंग्रजांच्या हातीं पडला. आंतील अरब शिबंदी सुमारें महिनाभर निकरानें झुंजली. परंतु तोफांपुढें तिचा निरुपाय झाला. त्याच शतकाच्या अखेरीस यूरोपांतील राष्ट्रांनीं बहुतेक सारें आफ्रिका खंड आपसांत वांटून घेतलें. राज्यकर्ते निरनिराळे, त्यांच्या घोषणाही निरनिराळ्या. मग त्यांच्या कारभाराची तुलना करावयाची ती कशावरून? मालेगांवसारख्या विणकरांच्या शहरास सहज पटेल असें एक माप आहे. तें म्हणजे कापूस.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव भडकले. युद्ध थांबतांच ते कोसळले. शेतकऱ्यावर कापूस पेरण्याचा हुकूम नव्हता; पण रोख सारा आणि सावकाराचें व्याज यांचा तगादा होता. १८७५ मध्यें पुणें व नगर जिल्ह्यांत कर्जाचे कागद जाळले गेले, त्यामागें हीही कोंडी होती. विलायती कापडानें विणकराचा घास तोडला. तरीही १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतून निघालेल्या विणकर कुटुंबांना मालेगांवीं येऊन माग मांडतां आले.

युगांडांतही सत्ता इंग्रजांचीच होती. १९०० च्या करारानें बुगांडांतील प्रत्येक झोपडीवर वर्षाला ३ रुपये कर बसला; त्या वेळीं तेथें हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. लवकरच कापसाचें बीं आलें, आणि तें पेरून घेण्याचें काम सरदारांकडे गेलें. जमीन बहुतांशीं आफ्रिकनांच्याच हातीं राहिली. पण सरकी काढणारे जीन मुख्यतः हिंदी व्यापाऱ्यांचे झाले. १९४९ मध्यें तेथें दंगा उसळला, तेव्हां आपला कापूस आपणच जिनांत घालून विकण्याचा हक्क ही शेतकऱ्यांची एक प्रमुख मागणी होती. परतंत्र देशाचा व्यापारीही दुसऱ्या परतंत्राच्या खांद्यावर बसूं शकतो, हें त्या दंग्यानें दाखविलें.

मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्याच्या विजरईच्या अमलाखालीं होतें. तेथें पोर्तुगीज शासनानें १९३८ पासून कापसाची सक्ती अधिकच कडक केली. कुटुंबास शेत नेमून दिलें जाई. माल ठराविक कंपनीलाच, ठराविक भावानें द्यावा लागे. टाळाटाळ करणारास फटके बसत. कापसाच्या निगेंत धान्याच्या शेताकडे पाहण्यास सवड उरत नसे, म्हणून घरांत उपासमार होई. १९६१ मध्यें ही सक्ती उठली. काँगोंत तर लिओपोल्ड राजाच्या अमलांत, १९०८ पर्यंत, रबर कमी आणणाऱ्या गांवांतील बायका ओलीस धरल्या जात.

तेव्हां सर्व परसत्ता सारख्याच होत्या असें म्हणणें अन्यायाचें ठरेल. कर्जापोटीं पेरणें आणि चाबकाखालीं पेरणें यांत मोठें अंतर आहे. परंतु खानदेशांत काय, युगांडांत काय, मोझांबिकांत काय, पिकाचा भाव पेरणारानें ठरविला नाहीं, आणि हा भाव कां मिळाला असें विचारण्याचा अधिकारही त्यास नव्हता.