दिवाळे आणि दिवा : बँकांचे बुडणे व ठेवीदारांची सुरक्षितता

'दिवाळे' या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तथापि त्याचे नाते 'दिवा' या शब्दाशी जोडणारी एक समजूत जुन्या कोशांत नोंदविलेली आढळते. देणी भागविणे अशक्य झाले की व्यापारी आपल्या पेढीवर दिवा लावून ठेवी आणि निघून जाई, अशी ती समजूत. भाषाशास्त्राच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो, तिच्यात एक सामाजिक अपेक्षा व्यक्त झाली आहे. पत संपल्याचे धनकोंना उघडपणे कळले पाहिजे, ही ती अपेक्षा होय. आधुनिक बँकांच्या इतिहासात ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन घटनांच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मागणी आली त्या क्षणी हाती रोकड नसणे ही बँकेची एक अडचण. येणे असलेल्या रकमा व मालमत्ता मिळूनही देणी न फिटणे ही दुसरी. पहिली अडचण उसनवारीने निभावते, दुसरी म्हणजे खरी नादारी. परंतु ठेवीदाराला बाहेरून हा भेद दिसत नाही. त्यामुळे केवळ अफवेनेही सुस्थितीतील बँकेसमोर रांगा लागतात आणि आतून पोखरलेली बँक वर्षानुवर्षे ठेवी स्वीकारत राहते.

१८४० साली सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या बँकेत सरकारचे भाग होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधीही होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. नेमक्या याच काळात, १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुनी बंधने सैल करण्यात आली व कंपन्यांचे भाग तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा तिला मिळाली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या सट्ट्याचे सूत्रधार. बँकेच्या कारभारावरही त्यांचा मोठा प्रभाव होता. बॅकबेच्या समुद्रात भर घालण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या भागांना मूळ किमतीच्या कित्येक पट भाव आला.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा नामांकित पेढ्या बसल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्याव्यासंगी पुरुषाची संपत्तीही या लाटेत गेली. बँक मात्र आणखी जवळजवळ तीन वर्षे तग धरून होती. १८६८ मध्ये ती गुंडाळण्यात आली तेव्हा भागधारकांचे बहुतांश भांडवल नष्ट झाले होते. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने सैल झालेला कायदा, चिटणिसांनी केलेला अधिकाराचा दुरुपयोग आणि संचालकांची बेपर्वाई यांवर बोट ठेवले. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने पुन्हा कडक बंधने घातली. म्हणजे 'बँकेने कोणत्या तारणावर कर्ज द्यावे' या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ठेवीदाराचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो ऐरणीवर येण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद करण्यात आली. पलाईच्या बाबतीत एक विलक्षण पेच उघड झाला. तिची प्रकृती ठीक नसल्याचे रिझर्व्ह बँकेला १९५० च्या दशकातील तपासण्यांतून ठाऊक होते. ते जाहीर केले असते तर बँक त्याच दिवशी कोसळली असती. जाहीर न केल्यामुळे नव्या ठेवी येत राहिल्या. गुप्तता राखावी तर ठेवीदार फसतो आणि सत्य सांगावे तरीही तोच बुडतो.

या पेचावरील उपाय म्हणून ठेव विमा कायदा १९६१ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही या योजनेत आणण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे जाळे दाट असल्याने या दुरुस्तीचे महत्त्व येथे विशेष आहे. संरक्षणाची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख रुपये झाली. पुढील सुमारे सत्तावीस वर्षे मात्र ती हलली नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदारांस सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येणार होते. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेल्याचे व ती थकबाकी हिशेबात दडविल्याचे आरोप पुढे आले. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम हाती पडावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तथापि पाच लाखांवरील ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत विभागली गेली. निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने दहा वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

या तिन्ही घटना एकत्र पाहता असे दिसते की, प्रत्येक वेळी बांध घातला गेला तो मागच्या वेळी फुटलेल्या जागी. प्रथम तारण, मग विमा, मग विम्याची मुदत. हे उपाय मोलाचे आहेत. ठेव विम्यामुळे लहान ठेवीदाराची भीती घटते आणि म्हणूनच बँकेचे दुखणे वेळीच उघड करणे नियंत्रकालाही सोपे जाते. परंतु १८६५ मध्ये आणि २०१९ मध्ये पाणी शिरले ते सारख्याच भगदाडातून : मोजक्या ऋणकोंशी बँकेच्या कारभाऱ्यांचे झालेले साटेलोटे आणि त्यावर पडलेला पडदा. विमा नुकसान वाटून घेतो. तो पडदा उचलत नाही. ते काम लेखापरीक्षक, संचालक आणि नियंत्रक यांचे आहे. जुन्या समजुतीतला व्यापारी निदान जाताना तरी दिवा लावीत असे. आधुनिक बँकेच्या बाबतीत ठेवीदाराला तो उजेड दार बंद होण्यापूर्वी मिळाला पाहिजे.