छत्री तीच, एलएनबी नवा

उपग्रहाच्या छत्रीची थाळी आणि तिच्यापुढे टांगलेला, उपग्रहाचा संदेश टिपून तारेत सोडणारा एलएनबी हा डबा यांचे आयुष्य सारखे नसते. जाळीची किंवा फायबरची आठ-दहा फुटी थाळी पक्की बांधलेली असली, तर अनेक पावसाळे काढते. एलएनबीत मात्र पाणी शिरते, वीज कडाडली की तो जळतो, समुद्राकाठच्या गावांत खारी हवा त्याचा कनेक्टर खाते. भारतातल्या केबल व्यवसायाचा इतिहास वाहिन्यांच्या नावांनी सांगण्याची पद्धत आहे. जुन्या छत्रीवर एलएनबी कधी आणि का बदलला, हे पाहिले तर तो जास्त नीट कळतो.

आरंभ सरकारी होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचले. त्या राज्यांत कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या छत्र्या त्यासाठी उभारल्या होत्या. लहरी ८६० मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे लांबच लांब. त्यामुळे मोठ्या भोकांची जाळीही चालून गेली.

व्यवसाय उभा राहिला तो १९९१ नंतर. मुंबईतल्या इमारतींत ऐंशीच्या दशकापासूनच एका व्हिडिओ प्लेअरवरून घरोघर तार टाकून सिनेमे दाखवले जात होते. जानेवारी १९९१ मधले आखाती युद्ध मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर दिसले, त्याच वर्षी एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला. गंमत अशी, की एशियासॅट-१ हा उपग्रहही दुरुस्तीचाच माल होता. १९८४ मध्ये वेस्टार-६ या नावाने सोडलेला तो उपग्रह भलत्याच कक्षेत गेला, त्याच वर्षी अंतराळयानाने परत आणला गेला आणि डागडुजी होऊन १९९० मध्ये पुन्हा वर गेला. केबलवाल्यांना तार ओढणे ठाऊक होते; आता गच्चीवर छत्री आली आणि तिच्याबरोबर ‘सी-बँड’ शिकणे आले.

सी-बँडची लहर साधारण ४,००० मेगाहर्ट्‌झची, लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर. ही वारंवारता तारेतून खाली आणायला गेले तर वाटेतच विरते. सुरुवातीच्या यंत्रणांत म्हणून थाळीवर केवळ वर्धक असे आणि वारंवारता उतरवणारे यंत्र वेगळे. एलएनबीने दोन्ही कामे एका डब्यात आणली: आतल्या ५,१५० मेगाहर्ट्‌झच्या दोलकातून आलेली लहर वजा होते आणि ९५० ते १,४५० मेगाहर्ट्‌झचा संदेश साध्या तारेने खाली उतरतो. पुढे थाळीवरून परतलेली लहर गोळा करणारा फीडहॉर्नही त्याच्याशीच जोडून येऊ लागला आणि बदलण्याचे काम सोपे वाटू लागले.

ते तितके सोपे नसते. प्रत्येक थाळीचा नाभीबिंदू ठरलेला असतो आणि हॉर्नचे तोंड तिथेच यावे लागते. जुन्या छत्रीचा कागद कोणाकडे नसतो, पण मोजपट्टी पुरते: व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागायचे. थाळी २४० सेंटिमीटरची आणि खोली ४० असेल, तर नाभी ९० सेंटिमीटरवर. नव्वद भागिले दोनशे चाळीस म्हणजे ०.३७५, हॉर्नभोवतीची कडी सरकवून याच खुणेवर आणायची असते. कडी चुकली तर हॉर्न एकतर थाळीच्या कडांपर्यंत पाहतच नाही, नाहीतर कडेपलीकडची तापलेली जमीन पाहतो आणि चित्रात मुंग्या येतात.

दुसरी अडचण ध्रुवणाची, म्हणजे लहर कोणत्या दिशेने कंप पावते त्याची. वाहिन्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही ध्रुवणांत येतात. घरगुती एलएनबी १३ किंवा १८ व्होल्ट मिळाल्यावर त्यांपैकी एक निवडतो. केबलवाल्याला दोन्ही एकाच वेळी हवीत, कारण त्याच्याकडे वाहिनीगणिक वेगळा रिसीव्हर. त्याच्या छत्रीवर घरगुती एलएनबी चढवला की अर्ध्या वाहिन्या गायब! काही रशियन उपग्रहांचे ध्रुवण वर्तुळाकार होते. त्यांच्यासाठी हॉर्नमध्ये प्लास्टिकची पट्टी तिरकी बसवावी लागे.

मग घरोघरच्या लहान थाळ्या आल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस, २००६ मध्ये टाटा स्काय. हा केयू-बँड, लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून दोन फुटांची थाळी भागवते. जुन्या मोठ्या थाळीवर केयूचा एलएनबी लावण्याचे प्रयोगही झाले. जाळीची भोके बारीक आणि पृष्ठभाग निर्दोष असेल तरच त्यात हाती काही लागते. शिवाय शलाका तिपटीने अरुंद होत असल्याने सी-बँडला चालणारी नेमातली चूक इथे खपत नाही.

खरी उलथापालथ डिजिटल प्रक्षेपणाने केली. त्याआधी, अॅनालॉगच्या काळात, एलएनबी विकताना त्यावरचा केल्विनचा आकडा, म्हणजे डब्याच्या स्वतःच्या गोंगाटाचे माप, दाखवत. गोंगाट जितका कमी तितका माल चांगला. अॅनालॉगची वाहिनी रुंद होती, त्यामुळे उन्हात तापून दोलक मेगाहर्ट्‌झभर सरकला तरी रिसीव्हर सांभाळून घेई. डिजिटलच्या अरुंद वाहक लहरींना तेवढी सूट नव्हती. अॅनालॉगवर लख्ख चित्र देणारे एलएनबी या लहरींवर निकामी ठरले, आणि छत्री हलवून, केबल बदलून थकल्यावर दोष डब्यात निघाला. केल्विनच्या आकड्यामागे धावणाऱ्यांनी दोलकाच्या स्थैर्याकडे पाहायला हवे होते.

एलएनबी बदलण्याचे सर्वांत ताजे कारण जमिनीवरचे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी सेवा सुरू झाली आणि ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइलकडे गेला. ३,४०० पासून ऐकणारे जुने एलएनबी शेजारच्या टॉवरच्या जोरदार संदेशाने गुदमरतात आणि वाहिन्या थिजतात. अशा ठिकाणी ३,७०० ते ४,२०० एवढेच आत घेणारा, गाळणी असलेला एलएनबी बसवावा लागतो. थाळी बदलण्याची गरज पडत नाही.