.२५ एसीपी काडतूस

.२५ एसीपी (६.३५ मिमी. ब्राउनिंग) : खिशात मावणाऱ्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांसाठी बनविलेले लघु-कॅलिबरचे काडतूस. अमेरिकन शस्त्रसंशोधक जॉन ब्राउनिंग यांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. बेल्जियमच्या एफएन कंपनीने त्यासाठीचे पिस्तूल प्रथम बाजारात आणले. कोल्ट कंपनीचे ‘व्हेस्ट पॉकेट’ १९०८ मध्ये आले.

या काडतुसाचे महत्त्व ताकदीत नाही, खात्रीत आहे. .२२ लाँग रायफल या १८८७ पासूनच्या काडतुसात पेटमसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो (→ काडतूस). तो कडेभर सारखा पसरला नाही आणि फायरिंग पिन नेमकी रिकाम्या जागी आदळली, तर बार उडत नाही. .२५ मध्ये बुडाच्या मध्यभागी पेटमसाल्याची स्वतंत्र टोपी असते, त्यामुळे असा दगा क्वचित होतो. .२२ स्वस्त असल्याने सराव अधिक होतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो सरावापुरता. प्राण वाचवण्याच्या क्षणी पहिलाच बार उडणे अधिक मोलाचे. दुसरा आक्षेप शक्तीचा. सुमारे ३.२ ग्रॅ. वजनाच्या या गोळीची ऊर्जा ९ मिमी. पॅराबेलमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच भरते. पोकळ टोकाची गोळी ही उणीव भरून काढील, असे म्हटले जाते. ते पटत नाही : एवढ्या कमी वेगात ती बहुधा फुलत नाही आणि फुललीच तर खोलवर पोहोचत नाही. म्हणून येथे पूर्ण धातुवेष्टित गोळीच योग्य (→ प्रक्षेपणशास्त्र). पिस्तुलाचा थोडा जास्त आकार चालत असेल, तर मात्र .३२ एसीपी घ्यावे.

भारतात अशा शस्त्रासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक आहे.