श्रेणी पानाला की वाचकाला?

चित्रपटाला वयाचे प्रमाणपत्र देता येते, कारण त्याला आरंभ असतो, शेवट असतो आणि चित्रगृहाला दार असते. संकेतस्थळाला यांपैकी काहीच नाही. तरीही डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन संस्कृतिमंत्री अँडी बर्नहॅम यांनी संकेतस्थळांनाही चित्रपटांसारखी वयोश्रेणी असावी, अशी कल्पना मांडली.

ती नवी नव्हती. १९९६ मध्येच ‘आरएसएसीआय’ ही पद्धती आली होती. भाषा, नग्नता, लैंगिकता आणि हिंसा या चार बाबींत प्रत्येक स्थळाने स्वतःला शून्य ते चार अंक द्यायचे आणि ब्राउझरने त्यानुसार पाने अडवायची. पण युद्धाच्या बातमीला हिंसेचा कोणता अंक द्यावा? १९९७ मध्ये अमेरिकेतील अनेक वृत्तसंस्थांनी असे अंक लावण्यास नकार दिला. बहुसंख्य स्थळे अंकाविनाच राहिली. ती अडवावीत तर जवळजवळ सारे महाजाल बंद. न अडवावीत तर गाळणीच निरर्थक.

ब्रिटनने अखेर वेगळी वाट धरली. २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार जुलै २०२५ पासून अश्लील मजकुराच्या स्थळांना पाहणाऱ्याचे वय तपासावे लागते. संहितेची परीक्षा फसली आणि वाचकाची सुरू झाली! मुलांचे रक्षण हवेच, याविषयी दुमत नसावे. परंतु अनामिक राहून वाचणे हेही प्रौढ वाचकाचे जुने स्वातंत्र्य आहे. म्हणून वय सिद्ध व्हावे, नाव उघड होऊ नये, एवढा आग्रह तरी आपण धरायला हवा.