रतन खत्री आणि मटक्याची परिभाषा

बेकायदेशीर धंदा आपली दप्तरे मागे ठेवीत नाही. मागे राहते ती त्याची परिभाषा. मटक्याच्या जुगारात पहिल्या आकड्यास 'ओपन' व दुसऱ्यास 'क्लोज' म्हणतात. या शब्दांचे मूळ कापसाच्या बाजारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता व बंद भाव मुंबईत येत आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. १९६२ मध्ये मूळचे कच्छचे कल्याणजी भगत यांनी वरळीत आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढण्यास आरंभ केला. फाळणीनंतर कराचीहून आलेले सिंधी तरुण रतन खत्री यांनी १९६४ मध्ये 'न्यू वरळी मटका' काढला. पुढे मडके जाऊन पत्ते आले. नाव मात्र मटकाच राहिले.

या स्थित्यंतरात बुकीचे स्थान पालटले, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतील कोणा बुकीच्या हातचा नव्हता. मडके मात्र त्याच्याच हाती होते. तेव्हा आकडा खरा कशावरून, या प्रश्नास आता त्याची पत हेच उत्तर उरले. खत्री लोकांसमक्ष पत्ते काढीत, प्रसंगी खेळणाऱ्याकडूनच ते उघडवीत, असे सांगतात. ४, ६ व ९ निघाले तर बेरीज १९ आणि आकडा ९. दहा आकड्यांपैकी एक लागला तर रुपयास नऊ रुपये, असा सर्वसाधारण भाव होता. पैजा सर्व आकड्यांवर सारख्या विभागल्या तर दहातला एक रुपया लबाडीवाचूनच बुकीकडे उरे. परंतु एकाच आकड्यावर लोकांची झुंबड उडाली, तर प्रामाणिक सोडतीनेच तो बुडावयाचा. त्याच्या सचोटीची खरी कसोटी येथे होती.

पूर्व विदर्भात, गोंदियाच्या बाजूस, या धंद्यास 'सट्टापट्टी' म्हणतात. पैज लावणे व घेणे यांस 'लगवाडी-खायवाडी' असा जोडशब्द आहे. पैज 'खाणे' म्हणजे ती अंगावर घेणे. इंग्रजीवरून आलेल्या 'बुकी' या शब्दात केवळ वही दिसते. 'खायवाडी'त जोखीमही दिसते.

सोडत सचोटीची म्हणून धंदा निर्मळ ठरत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. तो दहातला एक रुपया बव्हंशी गिरणी कामगाराच्या पगारातून येई. आणीबाणीत खत्री यांना तुरुंगवास घडला, पण त्याने धंदा मोडला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबला. तो घाव अधिक खोल गेला. १९९० नंतरच्या दशकात खत्री धंद्यातून बाजूस झाले. ९ मे २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कचे भाव येणे थांबून तेव्हा जवळजवळ साठ वर्षे लोटली होती, तरी आकडा लावणारा 'ओपन' आणि 'क्लोज' असेच म्हणत होता.