पांगुळगाड्यापासून स्केटबोर्डपर्यंत : लहान मुलाच्या पहिल्या चाकांचा इतिहास

१/ हिंजवडीतील एखाद्या गृहसंकुलात राहणारे कुटुंब सहा वर्षांच्या मुलासाठी पहिला स्केटबोर्ड विकत घेते, तेव्हा पाहिले जाते ते फळीवरचे चित्र. फळीखालच्या चाकांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या खेळण्याचा इतिहास चाकाचा आणि चाकाखालच्या जमिनीचा आहे. महाराष्ट्रात त्याचे धागे ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जातात. #थ्रेड

२/ साल १९७४. प्रवरेकाठचे दायमाबाद, आजचा अहिल्यानगर जिल्हा. छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. नेमक्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

३/ ही मुलांची खेळणी नव्हती. एवढे वजन कोणते मूल ओढणार? मिरवणुकीत ती ओढली जात असावीत, असे एक मत आहे. परंतु त्यांची रचना लक्षपूर्वक पाहावी. गेंडा दोन आडव्या पट्ट्यांवर उभा आहे, पट्ट्यांखाली आस आहेत आणि आसांच्या टोकांना भरीव चाके आहेत. वर भार, खाली आस, टोकांना चाके. स्केटबोर्डचा सांगाडा याहून वेगळा नाही.

४/ खेळण्यातल्या गाड्यांचा पुरावा मात्र विपुल आहे. हडप्पा संस्कृतीच्या अनेक स्थळांवर मातीच्या छोट्या गाड्या आणि चाके मिळाली आहेत. पुढे संस्कृत नाट्यसृष्टीत अशाच एका गाडीने एका थोर नाटकाला नाव दिले. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ म्हणजे मातीची गाडी. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे ती मराठी रसिकांच्या परिचयाची झाली.

५/ त्यातला प्रसंग आजही कुठल्याही गृहसंकुलात घडू शकेल. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला. ती परत गेली आणि हाती आली मातीची. वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत ठेवते. हेच अलंकार पुढे चारुदत्तावरील खटल्यात त्याच्या विरोधात पुरावा ठरतात. शेजाऱ्याच्या खेळण्याशी बरोबरी करण्याची ओढ इतकी जुनी आहे!

६/ महाराष्ट्रातील घराघरांत मुलाची पहिली चाके होती पांगुळगाड्याची. मागे दोन चाके, पुढे एक, आणि धरून उभे राहण्यासाठी लाकडी दांडा. सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या रंगीत फळांच्या आणि भातुकलीच्या जोडीला पांगुळगाडाही अनेक घरांत पोहोचला.

७/ पांगुळगाड्याचा गुण त्याच्या मंदपणात होता. लाकडी आसावर घासत फिरणारे लाकडी चाक सारवलेल्या ओटीवर वा अंगणात वेगाने पळूच शकत नसे. मूल पडण्याआधी गाडा अडत असे. शहाबादी फरशी आली, पुढे गुळगुळीत लादी आली, तसा तोच गाडा मुलाच्या पावलांपुढे पळू लागला. खेळणे बदलले नव्हते. त्याच्याखालची जमीन बदलली होती.

८/ जमिनीसोबत चाकही बदलले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. कारखाने आणि गॅरेज म्हणजे टाकाऊ बेअरिंग. महाराष्ट्रातील गावोगावच्या मुलांनी त्यांतून एक वाहन घडवले : फळी, दोन आडवे दांडे आणि तीन-चार बेअरिंग. उतारावर खडखडत जाणारी ही बेअरिंगची गाडी कोणत्याही दुकानात मिळत नसे. ती घरीच तयार होई.

९/ साधारण याच पद्धतीने, काहीसे आधी, समुद्रापलीकडे स्केटबोर्ड जन्मला. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी रोलर स्केटची चाके सुटी करून लाकडी फळीला ठोकली. लाटांवर फळी चालवणाऱ्या सर्फरांना समुद्र शांत असतानाही ती गंमत हवी होती. भंगारातले चाक आणि हाताशी असलेली फळी, ही युक्ती दोन्हीकडे एकच. त्यांनी उभे राहून तोल साधला, इथल्या मुलांनी बसून.

१०/ १९६० च्या दशकात कंपन्या या खेळात उतरल्या; विक्री वाढली आणि अपघातही. तेव्हाची चाके बहुधा मातीच्या मिश्रणाची होती. बंदिस्त रिंकच्या सपाट जमिनीवर ती चालत, पण रस्त्यावरचा लहानसा खडाही चाक जागीच अडवी आणि मूल पुढे फेकले जाई. १९६५ पर्यंत अनेक अमेरिकी शहरांनी स्केटबोर्डवर निर्बंध आणले. खेळ जवळपास संपला.

११/ त्याला पुन्हा उभे केले ते एका चाकाने. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातील एका कारखान्यात रोलर स्केटसाठी बनवलेली पॉलियुरेथेनची चाके पाहिली. ती आपल्या फळीला बसवून पाहताच फरक कळला : हे चाक खड्यावर अडत नव्हते, किंचित दबून पुढे जात होते. काही वर्षांतच ‘कॅडिलॅक’ या नावाने त्याने ती विकायला आणली आणि हा खेळ पुन्हा रस्त्यावर आला.

१२/ तरी संशय सरला नाही. नॉर्वेत १९७८ ते १९८९ स्केटबोर्डवर बंदी होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण आणि १२ वर्षांच्या कोकोना हिराकीने रौप्यपदक जिंकले. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

१३/ आता हिंजवडी. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी ही शेतीची गावे. औद्योगिक विकास महामंडळाने इथे जमीन संपादित केली आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. पाठोपाठ गृहसंकुले आली आणि त्यांच्यासोबत एक नवी जमीन आली : वाहनतळावरचा काँक्रीटचा सपाट पोडियम. कुंपणाबाहेर खडी, खड्डे, गतिरोधक आणि वाहनांच्या रांगा. पहिला स्केटबोर्ड निवडायचा तो या दोन जमिनी लक्षात घेऊन.

१४/ म्हणून चाक आधी. चाकाचा कठीणपणा ‘ए’ या मापात सांगतात. ९९ए च्या आसपासचे चाक कठीण असते. ते स्केटपार्कच्या गुळगुळीत पृष्ठभागासाठी. ७८ए ते ८७ए मऊ. ते फरशीच्या सांध्यांवरून आणि खरबरीत काँक्रीटवरून न अडता जाते. शिकाऊ मुलासाठी मऊ चाक बरे. खेळण्यांच्या दुकानातल्या काही स्वस्त बोर्डांना कडक प्लास्टिकची बारीक चाके असतात. ती एका खड्यापाशी १९६५ साल परत आणतात.

१५/ मग फळी. सात थरांची मेपलची फळी टिकते. लहान पावलांसाठी सुमारे ७ ते ७.५ इंच रुंदी पुरते. ‘मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून घेतलेली रुंद, जड फळी मुलाला वळवता येत नाही. हाताने फिरवलेले चाक काही क्षण तरी निर्वेध फिरले पाहिजे. मुळशीच्या पावसात बेअरिंगला गंज चढतो आणि ओल मुरलेली फळी वाकते, म्हणून पावसाळ्यात बोर्ड घरातच कोरडा ठेवावा.

१६/ वयाचा प्रश्न वादातीत नाही, परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : पाच वर्षांखालील मुलांनी स्केटबोर्ड वापरू नये, सहा ते दहा वयात मोठ्या माणसाची जवळून देखरेख असावी. हेल्मेट, कोपर-गुडघ्याची पॅडे आणि मनगटाचे संरक्षक यांचा खर्च बोर्डाच्या किमतीतच धरावा. पांगुळगाड्याचा मंदपणा मुलाला जपत असे. मऊ चाक आणि चांगले बेअरिंग तसे जपत नाही.

१७/ सर्वांत अवघड भाग विकत घेण्याचा नाही. सपाट जमीन संकुलाच्या दाराआड आहे. तिथेही वाहने, ज्येष्ठ रहिवासी आणि नियमांचे फलक आहेत. गावठाणातल्या किंवा बांधकामावरच्या मजुराच्या मुलाच्या वाट्याला तेवढीही येत नाही. रोहसेनाच्या काळी प्रश्न गाडी कशाची, एवढाच होता. इथे दोघांच्या हाती एकच बोर्ड दिला, तरी एकालाच तो चालवता येईल. सर्वांना खुले असलेले एक सपाट मैदान हाच त्यावरचा उपाय आहे, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

१८/ चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडचे ग्रामदैवत म्हातोबा यांची यात्रा भरते. हिंजवडीहून वाकडकडे बगाडाची मिरवणूक निघते आणि तिच्यासाठी वाहतूक वळवली जाते. एरवी मोटारींनी व्यापलेल्या त्या रस्त्यावर तेव्हा लाकडी बगाड चालते आणि बाजूने पोरेटोरे मोकळी धावतात. म्हणजे मनात आणले तर हा रस्ता थांबू शकतो. वर्षातून एका दिवसाऐवजी दर रविवारी सकाळी दोन तास तो मुलांच्या चाकांसाठी थांबला, तर? #थ्रेड_समाप्त